नसबंदी झाली, तरी बोका फवारतोच?

नमस्कार! सांगली असो की सातारा, तक्रार एकच: "ऑपरेशनला दोन महिने झाले, तरी बोका दारावर मुततो, मांजरीवर चढतो. डॉक्टरांनी नीट केलं नाही का?"

बहुतेक वेळा केलेलं असतं. अंडकोष काढले की टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं हार्मोन, एक-दोन दिवसांत तळाला जातं, सवय मात्र जायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. दहातला एखादा तर नंतरही हद्दीची खूण म्हणून फवारतच राहतो. आणि हो, पहिला महिना-दीड महिना पिल्लं होऊ शकतात, म्हणून घरातली मांजरी वेगळी ठेवा.

आधी नीट बघा, फवारतोय की मुततोय? फवारताना तो भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ, टोक थरथरतंय, मागचे पाय जागच्या जागी नाचतायत, आणि चमचाभर धार सरळ भिंतीवर. पण वाळूच्या ट्रेमध्ये बसून सारखा कुंथतोय, थेंबसुद्धा येत नाही? मग सकाळची वाट बघू नका, तसंच दवाखाना गाठा. लघवी तुंबलेला बोका एक-दोन दिवसांत दगावू शकतो.

आता ऑपरेशन पूर्ण झालंय का, याची खरी खूण. नसबंदी न केलेल्या बोक्याच्या लिंगावर बारीक काटे असतात. टेस्टोस्टेरॉन थांबलं की साधारण 6 आठवड्यांत ते जिरतात. घरी ओढाताण करू नका, डॉक्टरांना तपासायला सांगा. दोन-तीन महिन्यांनीही काटे असतील, तर हार्मोन कुठून तरी येतंय. बहुधा एक अंडकोष खाली उतरलेलाच नसतो, जांघेत किंवा पोटात राहिलेला असतो. दोन्ही निघाले होते ना, हे विचाराच. घरात कुणी टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल, तर तेही सांगा. मांजर माणसाचं अंग चाटतं, जेल पोटात जातं. मूत्रपिंडाजवळच्या ग्रंथीच्या गाठीतून हार्मोन येणं फारच क्वचित.

काटे नाहीत? मग बहुधा भांडण बाहेरच्याशी आहे. सांगलीच्या विश्रामबागेतल्या तळमजल्यावर खिडकीत रोज गल्लीतला बोका येऊन बसला, तर आतला फवारणारच. खिडकीच्या काचेला खालचे दोन फूट कागद चिकटवा. ट्रे मांजरांपेक्षा एक जास्त ठेवा, तेही वेगवेगळ्या खोल्यांत.

पुसायला फिनेल तर अजिबात नको, मांजराला ते विष आहे. अमोनियावालं क्लीनरही नको, त्याला तो मुताचाच वास वाटतो. एन्झाइम क्लीनर भरपूर ओता, डब्यावर लिहिलंय तेवढा वेळ मुरू द्या, मग टिपा. जुने डाग शोधायचे तर रात्री दिवे घालवून यूव्ही टॉर्च मारा. सोफ्याच्या मागची बाजू विसरू नका.