ऑलिव्हची फांदी: राजाला लिहिलेला अर्ज

(दृश्य: जुना कागद, कॅमेरा सह्यांवरून सावकाश खाली)

लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात हा कागद जपून ठेवलाय. अमेरिकेतल्या इंग्रज वसाहतींनी राजा तिसऱ्या जॉर्जला धाडलेला हा समेटाचा अर्ज; ऑलिव्हची फांदी म्हणजे शांततेची खूण. पहिली सही जॉन हॅनकॉक यांची. खाली बघत चला. फ्रँकलिन. जेफरसन. जॉन अ‍ॅडम्स. वर्षभरात हीच मंडळी अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या करणार होती. इथे मात्र सुरुवात आहे ती 'परम कृपाळू महाराज' अशी, आणि सह्या करणारे स्वतःला म्हणवतात राजाचे एकनिष्ठ प्रजाजन.

(दृश्य: फिलाडेल्फिया, हिरव्या कापडाची टेबलं)

जुलै १७७५. याच दालनात बारा वसाहतींचे प्रतिनिधी बसले होते. भांडण जुनं, करांचं. निषेध म्हणून बॉस्टनच्या बंदरात ईस्ट इंडिया कंपनीचा चहा पाण्यात फेकला गेला, त्याची शिक्षा म्हणून ते बंदरच बंद झालं. (याच कंपनीच्या मुंबईकरांशी १७७५ च्या मार्चमध्ये आपल्या राघोबादादांनी सुरतेला तह केला होता.) १७७४ मध्ये राजाकडे एक अर्ज गेला, त्याचा काही उपयोग झाला नाही. मग इंग्रज फौजेशी लढाया: आधी लेक्सिंग्टन, मग बंकर हिल. वॉशिंग्टन सेनापती होऊन बॉस्टनकडे निघून गेले होते, म्हणून या कागदावर त्यांची सही नाही.

अशा वेळी पुन्हा अर्ज करायचा, हा आग्रह पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी जॉन डिकिन्सन यांचा.

(दृश्य: दौत, टाक, खाडाखोडीचं पान)

डिकिन्सन कच खाणारे होते, असं आजही म्हटलं जातं. आम्हाला ते साफ नामंजूर आहे. लंडनच्या मिडल टेंपलमध्ये हा माणूस कायदा शिकला. १७६७-६८ मध्ये वर्तमानपत्रांतून पत्रं लिहून इंग्रजी करांविरुद्ध वसाहती जाग्या केल्या, त्याही यांनीच. हा अर्ज मुख्यतः डिकिन्सन यांनीच लिहिला.

तो कसा लिहिलाय, ते बघा. सगळा दोष मंत्र्यांच्या माथी. राजाला एका शब्दाचाही बोल नाही, म्हणजे त्याला मान राखून मागे येता यावं. शस्त्रं का उचलली तेही लपवलेलं नाही: मंत्र्यांनीच लढाई लादली, आम्ही स्वतःचा बचाव करतोय. आणि मागणं काय? समेटाचा काही मार्ग महाराजांनीच ठरवून द्यावा, तोवर रक्तपात थांबवावा, जाचक कायदे मागे घ्यावेत. सह्या प्रत्येकाने आपापल्या नावाने केल्या, कारण वसाहतींच्या प्रतिनिधींची ही सभा, 'काँग्रेस', लंडन मानतच नव्हतं.

(दृश्य: कागदावरचा 'काँग्रेस' हा शब्द, अगदी जवळून)

तरी हा शब्द मजकुरात आलाच. जेफरसन यांनी उतारवयात लिहून ठेवलंय: डिकिन्सन उठून म्हणाले, या कागदातला एकच शब्द मला खटकतो, 'काँग्रेस'. त्यावर व्हर्जिनियाचे बेंजामिन हॅरिसन ताडकन उठले: मला तर एवढा एकच शब्द पसंत आहे!

८ जुलैला सह्या झाल्या.

(दृश्य: शिडाचं जहाज, ब्रिस्टलचा धक्का)

अर्ज नेला रिचर्ड पेन यांनी. पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेन यांचा हा नातू, राजनिष्ठ माणूस. निवड विचारपूर्वक केली होती. ऑगस्टच्या मध्याला ते ब्रिस्टलला उतरले. २१ तारखेला अर्जाची नक्कल वसाहतमंत्री लॉर्ड डार्टमथ यांच्याकडे पोहोचती केली.

(दृश्य: राजमुद्रा)

२३ ऑगस्टला तिसऱ्या जॉर्जने वसाहती बंडखोर असल्याचा जाहीरनामा काढला. मूळ अर्ज १ सप्टेंबरला दिला गेला. निरोप मिळाला: महाराजांनी तो सिंहासनावरून स्वीकारलेला नाही, तेव्हा उत्तर मिळणार नाही.

पुढची आठ वर्षं युद्धाची.

(दृश्य: पुन्हा सह्या, डिकिन्सन यांच्या नावावर कॅमेरा थांबतो)

२ जुलै १७७६ ला स्वातंत्र्यावर मतदान झालं. डिकिन्सन मतदानापासून दूर राहिले. जाहीरनाम्यावर त्यांची सही नाही. त्याच महिन्यात आपली पलटण घेऊन ते न्यू जर्सीत, इंग्रजांच्या समोर जाऊन उभे राहिले.