कॅमेलिया, थंडी आणि फेब्रुवारीतलं ऊन
(न्यू जर्सीतल्या मराठी बागप्रेमींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. ऑक्टोबर लागला की आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी एक कार्यक्रम ठरलेला असतो. कढीपत्ता, मोगरा, जास्वंद, तुळस, सगळ्या कुंड्या डेकवरून उचलायच्या आणि खिडकीशी आणून ठेवायच्या. थंडी आली की झाड आत घ्यायचं, हे आपल्या हातांना आता न सांगता कळतं. आणि म्हणूनच कॅमेलिया नावाचं फुलझाड आणलं की पहिली गडबड तिथेच होते. हीटर चालू असलेल्या घरातली कोरडी हवा तिला अजिबात मानवत नाही. नोव्हेंबरात टपोऱ्या कळ्यांनी भरलेलं रोप दिवाणखान्यात ठेवा, नाताळपर्यंत निम्म्या कळ्या जमिनीवर पडलेल्या दिसतील. मग आपण जास्त पाणी घालतो आणि उरलेल्याही पडतात.

ही चूक फार जुनी आहे. अठराव्या शतकात, १७३९च्या सुमारास, इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या लॉर्ड पीटरकडे कॅमेलिया होती. पूर्वेकडचं झाड म्हणजे त्याला ऊब हवीच, अशा समजुतीने ती तापवलेल्या काचघरात ठेवली गेली आणि तिथेच मेली, असं सांगतात. थंडीच्या देशातली ही सुरुवातीची कॅमेलिया, आणि तिचा जीव घेतला उष्णतेने!

तर आजचा विषय आहे कॅमेलिया बाहेर, जमिनीत, बर्फाच्या प्रदेशात कशी जगवायची. आपण सकाळी जो चहा पितो तीही कॅमेलियाच, कॅमेलिया सायनेन्सिस. पण आज बोलायचंय फुलांसाठी लावतात तिच्याबद्दल, मुख्यतः जपॉनिका आणि तिच्या भावंडांबद्दल.

आधी दोन प्रश्न वेगळे करू या. झाड जगेल का, हा एक. फूल उमलेल का, हा दुसरा. नर्सरीतल्या चिठ्ठीवर ‘झोन ७’ लिहिलेलं असतं ते पहिल्या प्रश्नाचं उत्तर. झोन ७ म्हणजे वर्षातली सगळ्यात थंड रात्र सरासरीने शून्य ते दहा फॅरनहाइटच्या दरम्यान, म्हणजे उणे १८ ते उणे १२ सेल्सियस. त्या थंडीत झाड तग धरेलही. पण फुलांची कळी झाडाच्या मानाने नाजूक असते आणि तिच्याबद्दल ती चिठ्ठी गप्प असते. मला भेटणाऱ्यांतल्या अर्ध्या लोकांची तक्रार हीच: झाड हिरवंगार आहे, दरवर्षी कळ्या धरतं, फूल मात्र एक नाही.

या टेबलावर दोन कळ्या ठेवल्यात, नंतर हातात घेऊन बघा. बाहेरून दोन्ही सारख्या, हिरव्या, करंगळीच्या पेराएवढ्या. दोन्ही उभ्या चिरल्यात. एक आतून फिकट हिरवी आणि मध्यभागी पिवळसर, ती जिवंत. दुसरीचे बाहेरचे खवले हिरवेच आहेत, पण मधले पुंकेसर आणि स्त्रीकेसर चहाच्या चोथ्यासारखे काळपट झालेत. ही जानेवारीतच आतून गेलेली आहे, झाडावर मात्र मार्चपर्यंत दिमाखात बसून राहिली असती. शंका आली तर एखादी कळी अशी चिरून बघत जा. आणि टपोरी, गोल ती फुलाची कळी, सडपातळ टोकदार ती पालवीची, हेही ओळखायला शिका. पालवीची चिरून बसाल.

आता जरा इतिहास, कारण त्याशिवाय कोणती जात घ्यायची ते कळणार नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल अर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात, कॅमेलियांचा मोठा संग्रह होता, नऊशेहून अधिक झाडं, त्यातली कित्येक तीस-चाळीस वर्षांची. १९७६-७७ आणि १९७७-७८ असे दोन कडक हिवाळे लागोपाठ आले आणि तो संग्रह जवळजवळ संपला. बोटांवर मोजण्याइतकी झाडं वाचली. विल्यम अॅकरमन हे तिथले वनस्पती-संकरक. त्यांनी त्या पडझडीत फिरून बघितलं, तर एका झाडाला काहीच झालेलं नव्हतं. ते होतं कॅमेलिया ओलेफेरा, ‘लु शान स्नो’ नावाचं. ओलेफेराच्या बियांचं तेल चीनमध्ये स्वयंपाकात वापरतात. फूल पांढरं, लहानसं, चुरगळलेल्या पाकळ्यांचं. शोभेच्या कॅमेलियात त्याला कोणी फारसं विचारत नव्हतं.

अॅकरमननी त्याचा ससांक्वा आणि हिएमालिस या कॅमेलियाच्याच दुसऱ्या प्रकारांशी संकर केला. त्यातून ‘विंटर्स स्टार’, ‘विंटर्स चार्म’, ‘पोलर आइस’, ‘स्नो फ्लरी’ वगैरे जाती आल्या. या जाती शरद ऋतूत फुलतात, ऑक्टोबर-नोव्हेंबरात, आणि इथेच सगळी गोम आहे. यांचं फूल हिवाळ्याशी लढतच नाही. कडाक्याची थंडी यायच्या आत बहर बराचसा आटोपलेला असतो. एखाद्या वर्षी थंडी लवकर आली तर शेवटच्या कळ्या जातात, तेवढंच.

दुसरी वाट नॉर्थ कॅरोलायनाच्या चॅपल हिलमधली. तिथले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक क्लिफर्ड पार्क्स यांनी जपॉनिकाची रोपं मोठ्या संख्येने बियांपासून वाढवली आणि थंडीलाच निवड करू दिली. जानेवारी १९८५मध्ये त्या भागात पारा उणे ९ फॅरनहाइटपर्यंत, म्हणजे जवळजवळ उणे २३ सेल्सियसपर्यंत उतरला होता. अशा कसोट्यांतून ‘एप्रिल ट्रिस्ट’, ‘एप्रिल ब्लश’, ‘एप्रिल रिमेम्बर्ड’ ही एप्रिल मालिका तयार झाली. नावातच वेळापत्रक आहे. यांच्या कळ्या हिवाळाभर घट्ट मिटून राहतात आणि वसंतात उघडतात.

म्हणजे आपल्यासाठी नियम सोपा: थंडीच्या आधी फुलणारी घ्या किंवा थंडी सरल्यावर फुलणारी. डिसेंबर-जानेवारीत फुलणाऱ्या, कॅलेंडरवर छापतात तशा देखण्या जाती दक्षिणेत, जॉर्जिया-अलाबामात शोभतात. तिथे ही फुलं भर हिवाळ्यात अंगणभर असतात. अलाबामाचं तर राज्यफूलच कॅमेलिया आहे. इथे त्या जाती लावणं म्हणजे हौसेला मोल देणं. द्या, पण माहीत असू द्या.

तिसरी वाट कोरियाची, आणि मला ती सगळ्यात आवडते. कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, उत्तर कोरियाच्या हद्दीला लागून, छोटी बेटं आहेत. त्यातल्या देचोंगवर जपॉनिका रानात वाढते आणि तो तिच्या नैसर्गिक वस्तीचा उत्तरेकडचा टोकाचा भाग मानला जातो. १९८०च्या दशकात अमेरिकी संशोधकांनी या भागातून बिया आणल्या. फिलाडेल्फियाच्या मॉरिस अर्बोरेटममध्ये त्यातून आलेली झाडं उघड्यावर उभी आहेत. इथून गाडीने जाऊन येण्यासारखं आहे, वसंतात जा. ‘कोरियन फायर’ ही जातही याच कोरियन गोतावळ्यातली. फूल एकेरी, लाल, मध्ये पिवळ्या केसरांचा झुबका. दुहेरी, गुलाबासारखी फुलं आवडणाऱ्यांना ते साधं वाटतं. मला स्वतःला ते बर्फाच्या पार्श्वभूमीवर कोणत्याही भरगच्च फुलापेक्षा उजवं वाटतं, पण हा ज्याच्या त्याच्या आवडीचा भाग.

जात झाली. आता जागा, आणि इथे मला जास्त वेळ घ्यायचाय, कारण चांगली जात वाईट जागी लावली की मरते आणि दोष जातीला मिळतो.

थंडी झाडाला मारते असं आपण म्हणतो. पुष्कळदा ते तहानेने मेलेलं असतं. कॅमेलिया सदाहरित. पानं हिवाळाभर अंगावर. फेब्रुवारीतली एक स्वच्छ दुपार घ्या: जमीन अर्धा हात खोल गोठलेली, मुळांना पाण्याचा थेंब घेता येत नाही, आणि वरून लख्ख ऊन पानांना तापवतंय, सोबत वारा. पानातलं पाणी उडून जातं, खालून काही येत नाही. मार्चमध्ये पानं तपकिरी झालेली दिसतात. सकाळच्या उन्हाचा आणखी एक त्रास. रात्री गोठलेल्या कळीवर सातला थेट ऊन पडलं की ती झटकन वितळते आणि आतल्या पेशी फाटतात. सावलीत हळूहळू वितळलेली कळी पुष्कळदा वाचते.

म्हणून आपला नेहमीचा ठोकताळा इथे उलटा करा. घराची उबदार, दक्षिणेची किंवा पूर्वेची भिंत नको. उत्तरेची बाजू, किंवा पश्चिमेची, पण वाऱ्याला आडोसा असलेली. उंच पाइनच्या विरळ सावलीत तर उत्तमच. भिंतीला अगदी खेटूनही नको. पायाच्या काँक्रीटमधून चुना झिरपतो आणि कॅमेलियाला आंबट माती लागते, पीएच साधारण साडेपाच ते साडेसहा.

बर्फाला मात्र घाबरू नका. जपानच्या निगाता भागात युकित्सुबाकी नावाची रानकॅमेलिया आहे. तिथे माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ पडतो. हिच्या फांद्या लवचिक, बर्फाच्या भाराने त्या जमिनीवर आडव्या होतात आणि हिवाळाभर त्या पांघरुणाखाली राहतात. वर कितीही थंडी असो, खाली तापमान शून्याच्या आसपास. बर्फ वितळला की पुन्हा उभ्या. निगाताने हिला आपलं राज्यवृक्ष केलंय. आपल्याकडे अडचण वेगळी असते: थंडी येते आणि बर्फ येत नाही.

जर्मनीत ड्रेस्डेनजवळ पिल्निट्झच्या राजवाड्याच्या बागेत एक जपॉनिका १८०१ पासून एकाच जागी उभी आहे. हिवाळ्यात तिच्याभोवती लाकडी घर उभारत. १९०५च्या जानेवारीत त्या घराला आग लागली. बाहेर उणे वीस सेल्सियस. आग विझवायला मारलेलं पाणी झाडावरच गोठलं आणि त्या बर्फाच्या चिलखतात ते वाचलं. पुढे त्याला पुन्हा पालवी फुटली. आता तिच्यासाठी रुळांवर सरकणारं काचघर आहे, हिवाळ्यात आतलं तापमान फक्त चार ते सहा अंश ठेवतात. वसंतात ती हजारो फुलांनी लगडते. घरातल्या हीटरशेजारी कॅमेलिया ठेवणाऱ्यांनी तो चार-सहाचा आकडा लक्षात ठेवावा.

लागवड वसंतात करा, एप्रिल-मे. शरदात नर्सरीत सेल लागतो, मोह होतो, पण त्या रोपाला मुळं पसरवायला वेळच मिळत नाही. खड्डा खोल नको, रुंद हवा. मुळांची हुंडी, म्हणजे मातीसकट मुळांचा गोळा, आजूबाजूच्या जमिनीपेक्षा इंच-दीड इंच वरच राहू द्या. पाणी साचलं की मुळं कुजतात, आणि तेवढी झाडं इथे थंडीनेही मरत नसतील. वर पालापाचोळ्याचं किंवा पाइनच्या सालीचं आच्छादन, खोडाला न टेकवता. जुलैनंतर खत बंद. उशिरा घातलेल्या नत्राने कोवळी पालवी येते आणि पहिल्याच कडाक्यात ती जाते. जमीन गोठण्याआधी, नोव्हेंबरअखेरीस, भरपूर पाणी द्या. हे एक काम विसरू नका, बाकी विसरलात तरी चालेल. पहिले दोन-तीन हिवाळे भोवती चार खुंट्या ठोकून गोणपाट लावा. प्लॅस्टिक कधीही नको, उन्हात आत भट्टी होते. गोणपाटाने हरणंही थोडी दूर राहतात.

कुंडीत वाढवणाऱ्यांसाठी एवढंच: मुळं फांद्यांपेक्षा नाजूक असतात आणि कुंडीत ती चारी बाजूंनी गोठतात. कुंडी न तापवलेल्या गॅरेजमध्ये खिडकीपाशी ठेवा, माती ओलसर राहू द्या.

आणि शेवटी, वाईट हिवाळ्यानंतरचं. पानं गळाली, फांद्या काळ्या दिसल्या की मार्चमध्येच कात्री काढू नका. नखाने साल जराशी खरवडून बघा. खाली हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. मे संपेपर्यंत थांबा, कुठून फूट येते ते बघा आणि मगच मेलेलं छाटा. जमिनीलगत फुटवा आला तर रोप कलमी आहे की छाटापासून, म्हणजे फांदीचा तुकडा रुजवून केलेलं, ते पावतीवर किंवा चिठ्ठीवर तपासा. अॅकरमनच्या आणि एप्रिल जाती बहुधा छाटापासून केलेल्या असतात, त्यामुळे बुंध्यातून येणारा फुटवा त्याच जातीचा, तो वाढवा. कलमी असेल तर सांध्याखालचा फुटवा खुंटाचा असतो. आंब्याच्या कलमाला आपण जे करतो तेच इथे करायचं, तो काढून टाकायचा. आता कळ्या फिरवू या, आणि प्रश्न असतील ते विचारा.