एफ१२ कुणासाठी?

[पडद्यावर भरलेला अर्ज. 'सबमिट' दाबलं जातं. पान तसंच.]

बटण दाबलं आणि पान ढिम्म. अशा वेळी बहुतेक जण पान रिफ्रेश करतात आणि भरलेलं सगळं घालवून बसतात. त्याआधी एफ१२ दाबून पाहा, ब्राउझरमधलीच 'डेव्हलपर टूल्स' उघडतात, पानाच्या आत काय चाललंय ते दाखवणारी. मॅकवर कमांड, ऑप्शन आणि आय. 'नेटवर्क' टॅब उघडा. पानाने सर्व्हरकडे, म्हणजे वेबसाइट चालवणाऱ्या संगणकाकडे, पाठवलेल्या प्रत्येक मागणीची, म्हणजे रिक्वेस्टची, यादी इथे दिसते. 'प्रिझर्व्ह लॉग'वर टिक करा, म्हणजे पान बदललं तरी यादी पुसली जाणार नाही. मग बटण पुन्हा दाबा, कारण टूल्स उघडण्याआधी जे घडलं ते इथे दिसत नाही. पैसे भरायचं पान असेल तर मात्र दुसऱ्यांदा दाबू नका.

[यादीचा क्लोजअप.]

यादीत नवी ओळ आलीच नाही, तर रिक्वेस्ट ब्राउझरमधून बाहेर पडलेली नाही. कारण बहुधा 'कन्सोल' या त्रुटी दाखवणाऱ्या टॅबमध्ये लाल रंगात सापडतं. ओळ आली, तर तिच्यातला 'स्टेटस'चा आकडा, म्हणजे सर्व्हरचं उत्तर, पाहा. ४१३ दिसला तर जोडलेली फाइल सर्व्हरला झेपणारी नाही, ती लहान करा. ४०१ म्हणजे लॉगिन ओळखलं गेलं नाही, बऱ्याचदा मुदत संपलेली असते. ५०० आला तर बिघाड सर्व्हरकडे. तक्रारीत नुसतं "चालत नाही" लिहिण्यापेक्षा हा आकडा लिहा. समोरच्याचा निम्मा शोध तिथेच संपतो.

ही सोय पूर्वी वेगळी घ्यावी लागे. २००६ मध्ये प्रोग्रॅमर जो हेविट यांनी फायरफॉक्ससाठी फायरबग हे ॲड-ऑन आणलं. २००९ च्या इंटरनेट एक्सप्लोरर ८ मध्ये डेव्हलपर टूल्स ब्राउझरसोबतच आली. फायरफॉक्सनेही पुढे स्वतःची टूल्स दिली आणि २०१७ मध्ये फायरबग थांबलं.

सर्वांच्या हाती ही टूल्स नकोत, असं म्हणणाऱ्यांची भीती खोटी नाही. "हा कोड कन्सोलमध्ये पेस्ट करा" असं सांगून खाती लुबाडली जातात, कारण तो कोड तुमच्याच लॉगिनवर चालतो. त्यावर फायरफॉक्स आणि क्रोम पहिल्यांदा पेस्ट अडवतात. 'अलाऊ पेस्टिंग' हे शब्द हाताने टाइप करावे लागतात. सफारीत टूल्स मुळातच बंद असतात, 'ॲडव्हान्स्ड' सेटिंगमध्ये जाऊन चालू करावी लागतात. आम्हाला पहिली पद्धत पटते. धोका पेस्ट करण्यात आहे, नुसतं पाहण्यात नाही.

[स्क्रीनवरच्या शिल्लक रकमेत एक शून्य वाढतं.]

पानाची रचना दाखवणाऱ्या 'एलिमेंट्स' टॅबमध्ये आकड्यावर डबल क्लिक करा, हवा तो आकडा टाका. खात्यात काहीच बदललेलं नाही, रिफ्रेश केलं की मूळ आकडा परत येतो. पण तेवढ्यात काढलेला स्क्रीनशॉट अगदी खरा वाटतो. म्हणून पैसे आले की नाही, हे स्वतःच्याच खात्यात तपासा. टूल्स काढून टाकल्याने ही फसवणूक थांबणार नाही, फोटो एडिट करूनही ती होते. विक्री करणाऱ्या वेबसाइटवाल्यांनीही ब्राउझरकडून आलेली किंमत सर्व्हरवरच तपासायला हवी, कारण रिक्वेस्ट ब्राउझरशिवायही पाठवता येते.

आमची खरी तक्रार फोनबद्दल आहे. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ही टूल्स नाहीत. 'बिल्ड नंबर'वर ७ वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडायचे, 'यूएसबी डीबगिंग' (केबलवरून फोन तपासू देणारी सेटिंग) चालू करायचं, केबल जोडायची आणि मग संगणकावरच्या क्रोममधून पाहायचं. आयफोनवरच्या सफारीसाठी मॅक लागतो. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांनी करायचं काय? निदान रिक्वेस्टची यादी, स्टेटसचा आकडा आणि कन्सोलमधली त्रुटी, एवढं तरी फोनच्या ब्राउझरमध्येच दिसायला हवं.