कोकरासारखी दोन शिंगं

(दृश्य: संध्याकाळची विरार लोकल, दाराजवळची गर्दी. एका हातातला मोबाइल, स्क्रीनवर लाल अक्षरं.)

ख्रिस्तविरोधक, म्हणजे जगाच्या शेवटी उभा राहणारा ख्रिस्ताचा शत्रू, आला असं सांगणारा हा मेसेज तुमच्यापण ग्रुपवर येऊन गेला असणार. लाल अक्षरं, वर शिंगंवाला चेहरा, मधे ६६६, आणि खाली "दहा जणांना पाठवा, अडवू नका". कधी तो लसीबद्दल असतो, कधी आधार कार्डाबद्दल, कधी हातात बसवायच्या चिपबद्दल. नालासोपारा, कांजूर, कल्याण, आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये तो फिरतच असतो, आणि पाठवणारी माणसं वाईट नसतात हो, घाबरलेली असतात. प्रभू परत येणार आहे असा त्यांचा विश्वास आहे, आमचाही आहे. त्याच्या येण्याआधी मोठी फसवणूक होणार हेही शास्त्रात लिहिलंय, खुद्द येशूच्या तोंडचं आहे, मत्तय चोवीस. शिष्यांनी विचारलं हे सगळं केव्हा होणार, तर त्याने तारीख नाही सांगितली, पहिलंच वाक्य असं की सांभाळा, तुम्हाला कोणी फसवू नये. ही फसवणूक शास्त्र कुठे शोधायला सांगतं ते मात्र आपण उघडून बघत नाही.

(दृश्य: भायखळा. चाळीचा जिना, कठड्यावर वाळत टाकलेले कपडे, दाराशी चपलांचा ढीग. नॅट साउंड: आतून गाण्याचा आवाज.)

शनिवारी संध्याकाळी या खोलीतली कॉट भिंतीला उभी लावतात, सतरंजी अंथरतात, 'उपासना संगीत'मधलं एक गाणं होतं आणि बायबल स्टडी सुरू होतो. कोणी नगरकडचं, कोणी जालन्याचं, आजोबा कधीतरी गिरणीत कामाला आले आणि इथेच राहिले अशी घरं. शिकवणाऱ्या बाई महापालिकेच्या शाळेतून रिटायर झाल्यात, आयुष्यभर गणित शिकवलं, आता विषय बदललाय पण पद्धत तीच, उत्तर लिहायच्या आधी गणित दोनदा वाचायचं.

(क्लोजअप: बाईंचं पवित्र शास्त्र, पानं उलटणारी बोटं.)

हे पुस्तक त्यांच्या सासूबाईंचं. कव्हर कॅलेंडरच्या कागदाचं, शिवण सुटलीये म्हणून रबरबँड लावलाय, आणि योहानाच्या पहिल्या पत्राची पानं बोटं लागून लागून इतकी मऊ झालीत की उलटताना आवाजच होत नाही. समासात पेन्सिलच्या खुणा. निळी खूण म्हणजे येशूबद्दल काय म्हटलंय, लाल खूण म्हणजे फसवणारा काय करतो, आणि जिथे समजलं नाही तिथे प्रश्नचिन्ह. नवीन कोणी आलं की बाई त्याला आधी दोन पेन्सिली देतात आणि सांगतात, पाचच अध्यायांचं पत्र आहे, घरी जाऊन सगळं वाच, खुणा कर, मग बोलू. यूट्यूबवर काय ऐकलंस ते नंतर.

आणि असं वाचायला बसलं की पहिलं कळतं ते हे, की ख्रिस्तविरोधक हे नाव बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात एकदाही नाही. श्वापद आहे, अजगर आहे, खोटा संदेष्टा आहे. ख्रिस्तविरोधक येतो तो योहानाच्या पहिल्या आणि दुसऱ्या पत्रात, बस. आणि तिथे योहान म्हणतो की तो येणार हे तुम्ही ऐकलंय, पण आत्ताच पुष्कळ ख्रिस्तविरोधक झालेत, आणि लगेच पुढच्या वचनात सांगतो, ते आपल्यातूनच निघाले. या 'आपल्यातूनच'च्या खाली लाल रेघ इतकी दाबून मारलीये की मागच्या पानावर उमटलीये, कॅमेरा थोडा जवळ नेलाय, बघा.

आपल्यातूनच म्हणजे कोण? पहिल्या शतकाच्या शेवटाकडचा काळ आहे, परंपरा सांगते येशूचा शिष्य योहान तेव्हा इफिसमध्ये होता. मंडळीत काही शिक्षक उभे राहिले, बोलणं गोड, येशूचं नाव ओठांवर, पण शिकवण अशी की येशू खरा देहधारी माणूस नव्हताच, नुसता तसा दिसला. ऐकायला किती आध्यात्मिक वाटतं! पण मग विहिरीपाशी दमून बसलेला येशू गेला, लाजराच्या कबरेपाशी रडलेला येशू गेला, हातातले खिळ्यांचे वण गेले, आणि उरला एक झगझगीत ख्रिस्त ज्याच्या तोंडी कोणीही काहीही घालावं. म्हणून योहानाने चौथ्या अध्यायात कसोटी दिली, प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, आत्म्यांची पारख करा, येशू ख्रिस्त देहाने आला हे जो कबूल करत नाही तो देवापासून नाही. चिप नाही, बारकोड नाही, शिकवण तपासायला सांगितलीये.

(दृश्य: पांढरा बोर्ड, बाई मार्करने आकडे लिहितात. टाइमलॅप्स करू नये, पूर्ण वेळ ठेवावं.)

६६६ चं मात्र गणित आहेच, आणि गणिताच्या बाई ते सोडतील कशा. प्रकटीकरण तेरा, वचन अठरा, ज्याला बुद्धी आहे त्याने श्वापदाच्या संख्येचा हिशोब करावा. त्या काळी हिब्रूत आकड्यांसाठी अक्षरंच वापरायचे, प्रत्येक अक्षराला किंमत असायची. 'नेरोन केसर' हिब्रूत लिहा. नून पन्नास, रेश दोनशे, वाव सहा, शेवटचा नून परत पन्नास, झाले ३०६. मग कोफ शंभर, सामेख साठ, रेश दोनशे, झाले ३६०. बेरीज ६६६. काही जुन्या हस्तलिखितांत हीच संख्या ६१६ आहे, आणि त्याचाही उलगडा होतो, लॅटिन पद्धतीने नाव 'नेरो' असं घेतलं की शेवटचा नून गळतो, पन्नास कमी. पुष्कळ अभ्यासक हा हिशोब मानतात. नेरो इ.स. ५४ ते ६८ रोमचा सम्राट, सन ६४ मध्ये रोम जळालं आणि त्याने आळ ख्रिस्ती लोकांवर घातला.

पण बाई इथे थांबत नाहीत, आणि आम्हालाही थांबावंसं वाटत नाही. जुन्या करारात दानीएल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या सातव्या अध्यायात लहान शिंग आहे, मोठमोठ्या गोष्टी बोलणारं, आणि दानीएलाच्या त्या दृष्टान्तांची सावली आधी अंतियोख एपिफानेस या ग्रीक वंशाच्या राजावर पडली, ज्याने इ.स.पू. १६७ मध्ये यरुशलेमच्या मंदिरात परक्या देवाची वेदी उभी केली. मग नेरो. आणि प्रेषित पौल थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात सांगतो की अधर्माचा तो माणूस, नाशाचा पुत्र, अजून प्रकट व्हायचाय, तो देवाच्या मंदिरात बसेल आणि मीच देव म्हणेल. त्याच अध्यायात पौल म्हणतो अधर्माचं रहस्य आताच काम करतंय. शेवटी एक माणूस उभा राहणार हे आम्ही मानतो, पण त्याची चाल जुनीच आहे, ती आधीच सुरू झालीये, आणि नाव शोधायच्या नादात चाल निसटते.

नाव शोधणारे कमी झाले नाहीत. जर्मन धर्मसुधारक लूथरने पोपच्या गादीकडे बोट दाखवलं. अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या प्रचारकाच्या हिशोबावरून २२ ऑक्टोबर १८४४ ला हजारो लोक प्रभूची वाट बघत बसले. हॅरल्ड कॅम्पिंग या अमेरिकन प्रचारकाने रेडिओवरून प्रभू येण्याची तारीख २१ मे २०११ सांगितली, ती टळली तर २१ ऑक्टोबर. या सगळ्यांच्या कितीतरी आधी, साधारण सन १८० ला, इरेनियस नावाच्या बिशपने लिहून ठेवलंय की या संख्येत बसणारी नावं भरपूर निघतात, अंदाज करत बसण्यापेक्षा वाट बघणं सुरक्षित, कारण नाव सांगायची गरज असती तर ज्याने दर्शन पाहिलं त्यानेच सांगितलं असतं.

(दृश्य: शब्बाथ शाळेतल्या मुलांचा चार्ट पेपर. स्केचपेनने काढलेली दोन श्वापदं.)

हा चार्ट मुलांनी केलाय. वरचं समुद्रातून येणारं, सात डोकी, दहा शिंगं, मुलांना हे काढायला भारी मजा आली असणार, एकेका डोक्याला वेगळा रंग आहे. पण खालचं बघा. भूमीतून वर येणारं दुसरं श्वापद. एका मुलीने ते पांढरं शुभ्र काढलंय, गुबगुबीत, डोळे प्रेमळ, डोक्यावर कोकरासारखी दोन छोटी शिंगं, आणि तोंडातून मात्र काळ्या पेनाने अजगराची जीभ. वचन तंतोतंत तसंच आहे, तेराव्या अध्यायाचं अकरावं, शिंगं कोकरासारखी, बोलणं अजगरासारखं. प्रकटीकरणात कोकरा म्हणजे येशू. म्हणजे हे श्वापद येशूसारखं दिसतं. चमत्कारही करतं, लोकांसमोर आकाशातून अग्नी उतरवतं, जे जुन्या करारात एलीया संदेष्ट्याने केलं होतं. आपण आयुष्यभर वरच्या सात डोक्यांना घाबरत बसलो आणि फसवणारं खालचं आहे, ज्याला बघून एखादी माऊली म्हणेल, हा तर देवाचा माणूस.

(दृश्य: स्टेशनबाहेर विजेच्या खांबावरचं पोस्टर, "चमत्कार व आरोग्य सभा". कॅमेरा खाली क्यूआर कोडवर.)

मंडळीला हे सुरुवातीपासून माहीत होतं. दीदाखे नावाचं एक जुनं लिखाण आहे, पहिल्या शतकाच्या शेवटचं किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीचं, शेकडो वर्षं हरवलेलं, १८७३ मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या एका ग्रंथालयात ब्रायेनिओस या ग्रीक धर्मगुरूंच्या हाती लागलं आणि १८८३ ला छापलं गेलं. त्यात फिरत्या प्रचारकांसाठी नियम आहेत, आणि किती साधे! आला तर प्रभूला घ्यावं तसं घरात घ्या. एक दिवस राहू दे, गरज असली तर दोन. तिसऱ्या दिवशीही राहिला तर तो खोटा संदेष्टा. निघताना पुढच्या मुक्कामापुरती भाकरी द्या, पैसे मागितले तर खोटा. आत्म्यात आलो म्हणून 'मला पैसे द्या' म्हणाला तर ऐकू नका, पण दुसऱ्या गरजवंतासाठी मागत असेल तर त्याला कोणी दोष लावू नये. एवढंच. बाईंनी हे नियम वहीच्या कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेत, बाहेर पडताना प्रत्येकाच्या नजरेला पडावेत म्हणून.

अशा सभांमधून आलेल्या दोघीजणी या खोलीत बसतात, एकीने शुगरच्या गोळ्या बंद केल्या होत्या, दुसरीच्या मुलीच्या फीचे पैसे 'बीज अर्पण' म्हणून, म्हणजे पेरलं की देव वाढवून देईल या आशेने, गेले.

(बाइट: दोघी ताई. मधे कट नको, निवेदन नको.)

(दृश्य: माझगाव, माथारपाखाडी. गल्लीतला क्रूस, झेंडूचा हार, लाकडी गॅलरीची घरं.)

मुंबईत असे क्रूस जागोजागी दिसतात. १८९६ ला प्लेग आला तेव्हा कितीतरी वस्त्यांमध्ये लोकांनी क्रूस उभारले आणि संध्याकाळी त्यांच्यापाशी जमून प्रार्थना केली. मरण दारात होतं. तेव्हाही जगाचा शेवट आला असं वाटणं साहजिक होतं, आणि लोकांनी काय केलं तर एकत्र येऊन गुडघे टेकले. हे आमचे कॅथलिक शेजारी, काही बाबतीत आमचं त्यांचं पटत नाही, पण त्यांच्या १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात या विषयावर एक परिच्छेद आहे तो मला आमच्या खोलीतसुद्धा वाचून दाखवावासा वाटतो. त्याचा मतितार्थ असा की शेवटची फसवणूक माणसाला त्याच्या अडचणींवर एक वरवरचा तोडगा देईल, किंमत असेल सत्याकडे पाठ फिरवण्याची. तोडगा देईल! धमकी नाही, तोडगा. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे, पोराला नोकरी नाही, त्याला हे किती जवळचं वाटेल.

(दृश्य: परत खोली. एक तरुण हातात बिस्किटाचा पुडा घेऊन बसलाय.)

हा मुलगा सुपरमार्केटमध्ये बिलिंग काउंटरला असतो, दिवसभर बारकोड मारतो, त्यामुळे ६६६ चा मेसेज त्याला जरा जास्तच लागला. मेसेजमध्ये म्हटलेलं की सुरुवातीच्या, मधल्या आणि शेवटच्या लांब रेघा म्हणजे तीन सहा. त्या रेघा स्कॅनरला कोड कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो ते सांगायला असतात, त्यांची आकडा म्हणून किंमत नाही, सहाच्या रेघांसारख्या दिसतात एवढंच. आणि दुकानात बारकोड स्कॅन होतोय १९७४ पासून. पण त्याचा खरा प्रश्न वेगळा होता, उजव्या हातावर आणि कपाळावर खूण असं शास्त्रात स्पष्ट आहे, त्याचं काय?

तेव्हा बाईंनी मागे, पार जुन्या करारातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात नेलं. देवाच्या आज्ञा हाताला बांध, डोळ्यांच्या मधोमध लाव. त्याच दोन जागा. म्हणजे हाताचं काम आणि कपाळामागचा विचार कोणाच्या मालकीचा, हे त्या खुणेत आहे, आणि श्वापद देवाची जागा हिसकावून तिथे आपलं नाव लिहितं. ज्यांना प्रकटीकरणाचं पुस्तक पहिल्यांदा पाठवलं त्या सात मंडळ्यांना हे लगेच उमगलं असणार. त्यांपैकी थुवतीरासारख्या शहरात कारागिरांचे संघ होते, संघाच्या जेवणात मूर्तीचा नैवेद्य, सम्राटाला मान, आणि ते नाकारलं की धंद्याची वाट अवघड. विकत घेणं आणि विकणं बंद, हे त्यांच्या रोजच्या बाजारातलं होतं.

"मग आधार चालेल?" मुलाने विचारलं.

"रेशन लागतं की नाही घरात? काढ. ज्या दिवशी रेशनसाठी येशूला नाकार म्हणतील त्या दिवशी भूक सोस. आणि तेरावा अध्याय वाचलास ना, पुढचं का नाही वाचलंस?"

पुढचं म्हणजे चौदाव्याचं पहिलं वचन, सियोन डोंगरावर कोकरा उभा आहे आणि त्याच्या लोकांच्या कपाळावर त्याचं आणि त्याच्या पित्याचं नाव लिहिलंय. खूण दोन्हीकडे आहे. योहानाने लिहिलं तेव्हा तेरा आणि चौदा असे आकडे मधे नव्हतेच, अध्याय पाडले गेले तेराव्या शतकात, आणि फॉरवर्ड करणारा नेमका त्या आकड्यापाशी थांबतो. वचनं स्क्रीनवर देतोय, तेराव्याच्या सोळापासून चौदाव्याच्या पाचपर्यंत, व्हिडिओ इथेच पॉज करा आणि सलग वाचा.