बर्फाचा वापसा

(यवतमाळ जिल्ह्यातील एका गावच्या वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, कापसाची वेचणी ऐन भरात असताना तुम्ही इतके जण आलात, फार बरं वाटलं. मागच्या रांगेत भरतीची तयारी करणारी पोरंपोरी बसली आहेत. आजचं बोलणं जास्त करून त्यांच्यासाठी आहे.

क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे नुसतं डोंगरावरून खाली घसरत येणं नव्हे. यात चढ असतो, सपाटी असते, उतार असतो आणि सगळं अंतर स्वतःच्या हातापायांच्या जोरावर कापायचं असतं. पायाखाली स्की, म्हणजे बर्फावर घसरणारी लांब अरुंद फळी, आणि दोन्ही हातांत रेटायला काठ्या. बूट स्कीला फक्त पुढच्या टोकाला अडकवलेला, टाच मोकळी. स्वीडनमधली वासालोपेत शर्यत १९२२ साली सुरू झाली. तिचं अंतर ९० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ यवतमाळ ते अमरावती.

क्लासिक, म्हणजे जुन्या पद्धतीत दोन्ही स्की समांतर ठेवून बर्फात पाडलेल्या दोन चाकोऱ्यांतून जायचं. डावा पाय पुढे तेव्हा उजवा हात पुढे. लांबून पाहणाऱ्याला हे पळणंच वाटतं. पण पळताना जमीन पाय धरून ठेवते, इथे पायाखाली घसरती फळी आहे. ती पुढे घसरली पाहिजे आणि रेटा देताना जागेवर थांबलीही पाहिजे. एकाच फळीकडून ही दोन उलटी कामं कशी होतात ते नीट समजून घ्या, कारण सगळी मेख तिथेच आहे.

स्कीला मधोमध कमान असते. वजन दोन्ही पायांवर असलं की मधला भाग बर्फावर दाबला जात नाही, पुढचा-मागचा भागच टेकतो. त्या दोन्ही भागांना घसरणारं मेण लावतात, मधल्या भागाला पकडीचं. सगळं वजन एका पायावर टाकून खाली दाबलं की कमान चपटी होते, मेण बर्फाला भिडतं आणि बर्फाच्या कणांची टोकं क्षणभर त्यात रुततात. स्की थांबते. त्याच क्षणी तुम्ही स्वतःला पुढे ढकलता. वजन उचललं की कण सुटतात आणि स्की पुन्हा मोकळी.

नवशिका पाय मागे गेल्यावर जोर लावतो आणि फळी मागे सटकते. रेटा खाली द्यायचा, आणि दोन्ही पाय एकमेकांच्या शेजारून जात असतात नेमका तेव्हा द्यायचा. मग सगळं अंग दुसऱ्या पायावर सोपवून त्या एका पायावर तोल धरून घसरत राहायचं. माझ्या मते ताकदीपेक्षा हे अवघड आहे, आणि या खेळाचं खरं सौंदर्यही यातच आहे.

मेणही हवेप्रमाणे बदलतं. कडक थंडीत हिरवं-निळं आणि टणक, शून्याच्या आसपास जांभळं-लाल आणि मऊ. वितळून पुन्हा गोठलेल्या बर्फाचे कण गोल, निबर होतात. ते मेणात रुतत नाहीत, म्हणून तिथे क्लिस्टर नावाचा चिकट लेप लावावा लागतो.

आता ज्यांचं नाव कुठेच छापून येत नाही त्यांच्याबद्दल बोलतो, म्हणजे चाकोरी पाडणाऱ्यांबद्दल. पाऊस पडला की आपण लगेच वखर घालत नाही, वापशाची वाट पाहतो. बर्फालाही वापसा असतो. पट्ट्यांवर चालणारं जड यंत्र आधी बर्फ सारखं करतं. मागचा दातेरी फिरता दांडा ढेकळं फोडतो, जुना-नवा बर्फ मिसळतो आणि त्यातली हवा बाहेर काढतो. त्यानंतर साचे दाबून चाकोऱ्या उमटवतात. दोन चाकोऱ्यांच्या मध्यांतलं अंतर आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे १७ ते ३० सेंटीमीटर आणि खोली २ ते ५ सेंटीमीटर. पण काम इथे संपत नाही. दळलेल्या कणांना एकमेकांशी सांधे धरायला वेळ द्यावा लागतो. तापमान उतरत असताना, संध्याकाळी किंवा रात्री हे काम केलं तर सकाळपर्यंत चाकोरी घट्ट होते. लगेच त्यावरून माणसं गेली तर कडा ढासळतात. कडा ढासळल्या की स्की डगमगते, वजन एका पायावर पुरतं येत नाही, कमान दबत नाही आणि पकड जाते. म्हणजे ज्या रेट्याबद्दल मी इतका वेळ बोललो, त्याचा अर्धा भाग आदल्या रात्रीच ठरलेला असतो. चाकोरीशेजारची काठी रोवायची पट्टीसुद्धा तितकीच घट्ट लागते. आणि जिथे स्की मोकळी वळणार नाही अशा वळणावर चाकोरी पाडायचीच नाही, हेही शहाणपण त्यांच्याकडे असतं.

१९८०च्या दशकात पाय तिरके मारत जाणारी स्केटिंग पद्धत आली. ती वेगवान निघाली, म्हणून १९८८च्या कॅलगरी ऑलिंपिकमध्ये दोन्ही पद्धतींच्या शर्यती वेगळ्या झाल्या. आता क्लासिकमध्येही काही खेळाडू पकडीचं मेण न लावता फक्त दोन्ही काठ्या एकदम मारत सगळं अंतर काटतात. मला ते पटत नाही. ते ताकदीचं काम आहे हे मान्य, पण पायांची कला त्यात हरवते. काठीची लांबी उंचीच्या ८३ टक्क्यांपर्यंतच ठेवायचा नियम त्यामुळेच आला, आणि तो योग्य आहे.

पोरांनो, २०१४ साली सोचीच्या ऑलिंपिकमध्ये आपल्या सैन्यातला नदीम इक्बाल १५ किलोमीटर क्लासिक धावला. तो जम्मू-काश्मीरचा होता, बर्फ त्याच्या जवळ होता. पण युरोपातले खेळाडूही उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर चाकांच्या स्कीवर सराव करतात. क्लासिकच्या चाकाला मागे न फिरणारी खिट्टी असते, त्यामुळे रेटा देता येतो. एक धोका लक्षात ठेवा. तिथे पकड कायम असते, त्यामुळे उशिरा दिलेला रेटाही खपून जातो आणि चुकीची सवय लागते. म्हणून आधी चाकं नकोत, आधी तोल.

उद्या पहाटे सहाला पाझर तलावाच्या पाळीवर या. येताना बांबूच्या दोन काठ्या तासून आणा. पूर्वी स्कीच्या काठ्याही बांबूच्याच असत. उंची १७० सेंटीमीटर असेल तर काठी १४१ सेंटीमीटरपेक्षा लांब नको. पाळीचा चढ काठ्या मारत चढायचा आणि वर गेल्यावर एकेका पायावर उभं राहायचं. भरतीची धाव त्याच्यानंतर.