हे तुले कोनं सांगितलं?

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शेजारच्या बाईंनी परवा मला जिन्यातच गाठलं. म्हणाल्या, "तुम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी कुठे जाता हो? भिशी आहे का?" मी म्हटलं, भिशीच समजा. फक्त आमच्या भिशीत पैसे नाही, लिहिलेली दोन पानं टाकावी लागतात. आणि ज्याचा नंबर लागतो त्याला सगळे मिळून झोडपतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. रात्री ओटा आवरून झाला की मराठीतून विज्ञानाबद्दल काहीबाही लिहिते आणि इंटरनेटवर टाकते. ब्लॉग म्हणतात त्याला. नागपुरात असं लिहिणारे आम्ही सात-आठ जण आहोत. एकाचं औषधाचं दुकान आहे, एक मुलगी इंजिनीअरिंग करते, एक काका कृषी खात्यातून निवृत्त झालेत, एकजण बँकेत आहेत आणि त्यांना फक्त कोळ्यांबद्दल लिहायचं असतं. म्हणजे जाळं विणणारे कोळी. कुणी महालात राहतो, कुणी प्रतापनगरात. कित्येक वर्षं आम्ही एकाच शहरात, एकाच विषयावर, एकमेकांचा पत्ता नसताना लिहीत होतो.

भेट झाली ती आकाशातून काहीतरी पडलं म्हणून. खरंच.

२०२२ चा गुढीपाडवा आठवतो का तुम्हाला? २ एप्रिल, शनिवार. गुढी उतरवून झाली होती, श्रीखंडाची वाटी हातात होती, आणि आठ वाजायच्या आधी गच्चीवरून पोरं ओरडायला लागली. वर पाहते तर आगीचे चार-पाच गोळे एका ओळीत, एकामागोमाग, आकाश ओलांडत चाललेले. विदर्भात गावोगावी लोकांनी ते पाहिलं. दहा मिनिटांत फोनवर तीन बातम्या आल्या: उल्का पडली, विमान पेटलं, शत्रूचं क्षेपणास्त्र आलं. ज्याला जे आवडलं त्याने ते पुढे ढकललं.

मला एकच गोष्ट खटकत होती. ते फार सावकाश चाललं होतं. उल्का सेकंदाला किमान अकरा किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते, पुष्कळदा याच्या कितीतरी पट वेगाने. "ती पाहा" म्हणेपर्यंत ती विझलेली असते. इथे तर मी सासूबाईंना हाक मारली, त्या चष्मा शोधून गच्चीवर आल्या, आणि त्यांनाही शेपूट दिसलं. पृथ्वीभोवती फिरणारी एखादी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला सात-आठ किलोमीटर असतो. ती तिरपी, जवळजवळ आडवी शिरते आणि तुकडे होत होत लांबवर जळत जाते. मी त्या रात्री जागून एवढंच लिहिलं. सकाळी कळलं की त्या इंजिनीअरिंगच्या मुलीनेही हेच लिहिलंय, आणि माझ्यापेक्षा चांगलं. दरम्यान चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तीनेक मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलेलं सापडलं होतं. जवळच्या पवनपार भागात एक धातूचा गोळाही मिळाला. पुढे जाणकारांनी हिशेब जुळवून सांगितलं की हा बहुधा २०२१ च्या फेब्रुवारीत उडालेल्या चिनी रॉकेटचा तिसरा टप्पा असावा.

मी त्या मुलीचा नंबर मिळवला. ती म्हणाली, "ताई, पोहे खाता का?" धरमपेठेत एका टपरीवर तर्री पोह्यांच्या दोन प्लेटांवर आमचा कट्टा सुरू झाला. उद्घाटन नाही, नारळ नाही. तिसऱ्या महिन्यात औषधवाले आले, मग काका आले, आणि काका आल्यावर पोहे गिळणं अवघड झालं.

कारण काकांचा एक प्रश्न आहे. कुणी काहीही वाचून दाखवलं की ते चष्मा कपाळावर चढवतात आणि म्हणतात, "हे तुले कोनं सांगितलं?"

वाटतो साधा, पण छळतो फार. काकांच्या पहिल्याच बैठकीत औषधवाल्यांनी झिरो माइलवर लिहिलेलं वाचलं. "आपल्या शहरातला हा स्तंभ भारताचा भौगोलिक मध्य दाखवतो..." काका म्हणाले, "कोनं सांगितलं?" शाळेत सांगितलं, आणखी कोण सांगणार! मग दुसऱ्या दिवशी दोघं स्कूटरवर तिथे गेले. तुम्हीही कधी विधानभवनाजवळ थांबून नीट बघा. घोडे आणि स्तंभ सगळ्यांना दिसतात. शेजारचा दगड कुणी वाचत नाही. तो १९०७ सालचा सर्वेक्षणाचा दगड आहे, उंची मोजण्याचा. समुद्रसपाटीपासून १०२०.१७१ फूट! फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत कुणीतरी मोजून ठेवलंय. आणि इंग्रजांच्या काळच्या नकाशाचा मध्य गृहीत धरायचा तर तो नकाशा आता राहिलाय कुठे? फाळणीनंतर मध्य सरकला. औषधवाल्यांनी लेख फाडला आणि त्या हजाराव्या भागावर नवा लिहिला. माझ्या मते त्यांचा आजवरचा सगळ्यात चांगला.

आता माझी फजिती ऐका. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

३० मे २०२४. नवतपा, म्हणजे मे अखेरचे रणरणत्या उन्हाचे नऊ दिवस, चालू. आदल्या दिवशी दिल्लीत मुंगेशपूरला ५२.९ अंश नोंदल्याची बातमी देशभर झाली होती. संध्याकाळी माझा फोन वाजायला लागला: नागपूर ५६ अंश! रामदासपेठेजवळ कृषी विद्यापीठाच्या शेतात जे स्वयंचलित हवामान केंद्र आहे, त्याने छप्पन्न दाखवले होते. सोनेगावच्या केंद्राने ५४. मला ठाऊक होतं की जगातला विक्रम अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १९१३ सालचा, ५६.७ अंशांचा. म्हणजे आपण सात दशांशांनी हुकलो! हात शिवशिवले. कुणाला न दाखवता, पंचवीस मिनिटांत लेख लिहून टाकला आणि मोकळी झाले. लोकांनी तो भराभर पुढे पाठवला. खोटं कशाला बोलू, छान वाटत होतं.

रात्री नऊला काकांचा फोन.

"पोरी, आज दुपारी तू बाहेर गेली होती काय?"

"हो, दळण आणायला."

"मंग तू जित्ती कशी?"

मी गप्प. मग ते शांतपणे बोलले. वर्धा रोडवर खापरीला कापूस संशोधन संस्थेचं केंद्र आहे, त्याने त्याच दिवशी ४४ दाखवलेत. रामटेकनेही ४४. एकाच शहराच्या उघड्या शेतात, चार कोसांच्या अंतरात, बारा अंशांचा फरक पडतो का? आणि नागपूरचा विक्रम किती? २३ मे २०१३, ४७.९. "विक्रम मोडते ना, तवा दशांशानं मोडते. एका उडीत आठ अंश नाही वाढत. आठ अंश वाढले म्हणजे यंत्र बिघडलं समजायचं."

काकांनी कृषी खात्यात असताना वर्षानुवर्षं तापमान स्वतः डोळ्यांनी वाचून वहीत लिहिलंय. पुढच्या बैठकीत त्यांनी आम्हाला ती पेटी कागदावर काढून दाखवली. पांढऱ्या रंगाची लाकडी पेटी, चारही बाजूंना तिरप्या झडपा, म्हणजे वारा आत खेळतो पण ऊन शिरत नाही. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर. आणि दार उत्तरेला. का? दार उघडून वाचताना ऊन थर्मामीटरवर पडू नये म्हणून. "ऊन मोजायचं नसते, हवा मोजायची असते," हे वाक्य त्यांनी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता टाकलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. इतकी वर्षं मुलांना तापमान शिकवते, पण त्या दाराची दिशा मला माहीत नव्हती.

दुसऱ्या दिवशी हवामान खात्यानेच सांगितलं की सेन्सरमध्ये बिघाड होता, ते आकडे धरू नका. माझा लेख तोवर कुठल्या कुठे पोचला होता. मी तो काढला नाही. वर ठळक लिहिलं, "हे चुकलं आहे," आणि खाली काकांचा हिशेब मांडला. चुकलेला लेख जितका फिरला त्याच्या दहाव्या हिश्शानेही दुरुस्ती फिरली नाही. ते असंच असतं.

तेव्हापासून नियम झाला. टाकायच्या आधी निदान एकाला वाचून दाखवायचं. मोठ्याने. वाचता वाचता आपलीच जीभ जिथे अडखळते, तिथे बहुतेक वेळा आपल्यालाच कळलेलं नसतं.

भांडणं होतात ती शब्दांवरून. सेन्सर म्हणावं की संवेदक? मुलगी म्हणते संवेदक, पाठ्यपुस्तकात तोच आहे. काका म्हणतात, "माह्या सुनेले वाटन, कोनाला तरी रोग झाला." मी सेन्सरच्या बाजूची. बँकवाल्यांना भीती की लोक सेन्सॉर वाचतील. दीड तास गेला यात, विश्वास ठेवा.

पण एका शब्दाने आम्हाला खरंच गप्प केलं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट कोणता नागपूरकर विसरेल? अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली. सगळीकडे एकच शब्द, ढगफुटी. मुलीने लिहून आणलं की ही ढगफुटी नव्हती. हवामान खात्याच्या व्याख्येत एका तासात शंभर मिलिमीटर पाऊस लागतो, आणि आपल्याकडे तेवढा पाऊस काही तासांत मिळून पडला. बरोबर होतं तिचं. आमच्यातल्या एकांचं घर त्याच बाजूला आहे. ते म्हणाले, "माझ्या हॉलमध्ये छातीभर पाणी होतं. फ्रिज तरंगत होता. आणि तू मला सांगतेस, ढगफुटी नव्हती?"

कुणी काही बोललं नाही. चहा निवला.

मग तिने लेख नव्याने लिहिला. सुरुवात त्या फ्रिजपासून केली. नंतर हळूच विचारलं की पाऊस जर एवढाच होता, तर पाणी एवढं कसं चढलं? तलावाचा सांडवा, नदीचं आक्रसलेलं पात्र, पाणी मुरायला न राहिलेली जमीन. ढगफुटी म्हटलं की दोष ढगाचा ठरतो, आणि ढगाला कोण जाब विचारणार? व्याख्या तीच राहिली, पण आता ती त्या घरातल्या माणसाच्या बाजूने उभी होती. हा लेख आम्ही कट्ट्यावर तीनदा वाचला.

असे कट्टे काही आम्हीच काढले नाहीत. २००७ च्या जानेवारीत अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या चॅपेल हिल या विद्यापीठाच्या गावी विज्ञानावर ब्लॉग लिहिणाऱ्यांची परिषद भरली. तिचं मूळही असंच, गावातले लिहिणारे आधी एकमेकांना भेटायला लागले होते. तिथे व्याख्यान देणारा एक आणि जांभया देणारे शंभर, असा मामला नव्हता. विषय येणाऱ्यांनीच ठरवायचे आणि सगळ्यांनी बोलायचं. पुढे सायन्सऑनलाइन या नावाने ती मोठी झाली, आणि २०१४ मध्ये ती संस्था बंदही झाली. आमची टपरी बंद व्हायची शक्यता कमी, कारण तिचा आमच्याशी संबंध नाही, तर्रीशी आहे.

तर आता २६ मे. नागपूरकरांनो, ही तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपलं शहर साधारण २१.१५ अंश अक्षांशावर आहे, आणि त्या दिवशी दुपारी सूर्य बरोबर आपल्या डोक्यावर येतो. नवताप्याचा दुसरा दिवस असतो. घड्याळात बाराला नाही, बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ आपल्या पूर्वेकडच्या ८२.५ रेखांशाचं. स्टीलचा सरळ बाजूंचा ग्लास सपाट फरशीवर पालथा ठेवा. फरशी सपाट आहे की नाही ते थेंबभर पाणी टाकून बघा. सावली सरकत सरकत ग्लासच्या बुडात शिरते आणि मिनिटभर दिसेनाशी होते. १७ जुलैच्या सुमारास हे पुन्हा घडतं, पण तेव्हा बहुतेक ढग असतात.

गेल्या वर्षी आम्ही हे टपरीसमोरच्या फुटपाथवर केलं, डोक्याला ओले दुपट्टे बांधून. काकांनी खिशातून ओळंबा काढला, दोरीला बांधलेलं गवंड्याचं लोखंड, आणि त्याची दोरी धरून पाइप उभा केला. रस्त्यावरचे आठ-दहा लोक जमले. सावली आत गेली. कुणीतरी टाळी वाजवली. पोहेवाल्या दादांनी झारा हातात धरूनच वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "ताई, मंग सहा महिन्यांनी सूर्य डोक्यावर काऊन नाही येत?"

मी पृथ्वीचा कललेला आस सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आवाज आला, "हे तुले कोनं सांगितलं?"

काका हसत नव्हते. त्यांना खरंच माझ्याकडून ऐकायचं होतं की पृथ्वी कललेली आहे हे नागपुरातल्या फुटपाथवर, एक पाइप आणि एक ग्लास घेऊन, दादांना कसं दाखवणार. त्या लेखाचा माझा चौथा मसुदा चालू आहे. डिसेंबरात दुपारच्या सावल्या मोजून झाल्यात, आकडे वहीत आहेत. येत्या दुसऱ्या रविवारी वाचायचाय.