बोट धक्क्याला लागल्यानंतर

मंडळी, बोटीचा अपघात म्हटलं की डोळ्यांपुढे उलटलेली बोट येते, पाण्यात धडपडणारी माणसं येतात. बोटीवर इजा झाली तर जबाबदार कोण आणि भरपाई कुणाकडे मागायची, हा आजचा विषय. मी सुरुवात करणार आहे ती अशा अपघातापासून, ज्यात बोट उलटली नाही, कुणी पाण्यात पडलं नाही आणि सगळे प्रवासी परत आले. फक्त त्यातल्या एका बाईच्या कमरेचा मणका मोडला होता.

ऑगस्ट 2008. ब्रिटनमधल्या ब्रिस्टल चॅनेलमध्ये ही सहल निघाली होती. नोकरीच्या ठिकाणानं कर्मचाऱ्यांमध्ये एकोपा वाढावा म्हणून ती काढली होती. बोट होती तळ टणक आणि कडेला हवा भरलेल्या जाड नळ्या असलेली, लाटांवरून उड्या मारत जाणारी. अशा बोटीत बसलेल्या माणसाचं काय होतं ते नीट बघा. बोट लाटेवर चढते, पुढचं टोक हवेत जातं, आणि क्षणभर तुम्हीही सीटवरून अलगद उचलले जाता. मग बोट खाली आपटते. तुम्ही अजून खाली येत असता आणि सीट थांबलेली असते. पाठ ताठ, पाय जमिनीवर धड टेकलेले नाहीत. सगळा मार माकडहाडावरून वर कमरेच्या मणक्यात जातो. हाड चिरडल्यासारखं दबतं. पुढच्या सीटवर हा मार सगळ्यात जास्त, आणि मजा जास्त म्हणून लोक भांडून बसतात ते नेमके तिथेच.

आता जबाबदार कोण? पहिलं उत्तर ठरलेलं असतं: समुद्र. "लाट आली, आम्ही काय करणार?" पण समुद्राला समन्स बजावता येत नाही, त्यामुळे कायदा वेगळे प्रश्न विचारतो. हवामानाचा अंदाज सकाळी कुणी पाहिला होता का? लाटांच्या मानानं वेग किती ठेवला? पुढे कुणाला बसवायचं आणि कुणाला नाही, हे कुणी ठरवलं? पाठीचं दुखणं आहे का, एवढं तरी विचारलं होतं का? आमच्या वकिलीच्या धंद्यात आम्ही ज्याला निष्काळजीपणा म्हणतो, तो बहुतेक वेळा पाण्यावर घडत नाही. तो धक्क्यावर, दोर सोडायच्या आधी घडून गेलेला असतो.

"पण साहेब, साहसाची सहल आहे, हादरे बसणारच!" हा बचाव अगदीच पोकळ नाही. अंगावर पाणी उडणार, बोट डुलणार, पोटात कालवणार. हे धोके प्रवासाच्या पोटातच असतात आणि ते तुम्ही स्वीकारून बसता. चालकानं आपल्या हातानं वाढवलेला धोका मात्र तुम्ही स्वीकारलेला नसतो. समोर उंच लाट दिसत असताना, प्रवासी ओरडताहेत म्हणून अजून जोर लावायचा, हा त्यातला प्रकार.

या खटल्यात खरी गंमत पुढे झाली. गंमत वकिलांच्या दृष्टीनं, त्या बाईंच्या नव्हे. इंग्लंडमध्ये शरीराला इजा झाली तर दावा लावायला साधारण तीन वर्षं मिळतात. पण समुद्रावरच्या प्रवाशांसाठी 1974 सालचा अथेन्स करार आहे आणि ब्रिटननं तो देशांतर्गत प्रवासालाही लावला आहे. त्यात मुदत दोन वर्षांची, आणि ती मोजायची बोटीतून उतरल्या दिवसापासून. दावा आला तोवर बोटवाल्याविरुद्धची दोन वर्षं संपलेली होती. बाईंनी दावा लावला तो आपल्या मालकांवर, म्हणजे सहल काढणाऱ्यांवर. मालक म्हणाले, चूक बोटवाल्याची, मग पैशाचा वाटा त्यानंही उचलावा. खालच्या कोर्टानं सांगितलं, मुदत गेली, आता बोटवाल्याला ओढता येणार नाही. 2015 मध्ये अपील कोर्टानं हे फिरवलं: मुदत संपली की प्रवाशाला दाद मागता येत नाही हे खरं, पण मूळ हक्क पुसला जात नाही; मालकाला बोटवाल्याकडे वाटा मागता येईल. अपघाताला तेव्हा सात वर्षं होत आली होती आणि कोर्टात वाद चालला होता तो कुणी कुणाकडे पैसे मागावेत याचा.

याच करारातली आणखी एक विसंगती सांगतो. बोट बुडाली, धडकली, रुतली, पेटली किंवा बोटीतच दोष निघाला, तर चूक वाहतूकदाराची होती असं गृहीत धरलं जातं. ती नव्हती हे त्यानं दाखवायचं. पण बोट शाबूत राहिली आणि तुम्हीच आत आपटलात, घसरलात, तर चूक सिद्ध करायचं ओझं तुमच्यावर. म्हणून मी लोकांना सांगतो, लागलं असेल तर उतरण्यापूर्वी सीटचा, ओल्या डेकचा, तुटलेल्या कठड्याचा फोटो काढा. शेजारी बसलेल्या दोघांचे नंबर घ्या. डॉक्टरकडे त्याच दिवशी जा. चार दिवसांनी गेलात की समोरचा वकील हमखास विचारतो, "मधल्या चार दिवसांत कुठे पडला होतात?"

व्याख्यानानंतर मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न सहीचा असतो. चढताना एक कागद पुढे येतो, पेन दोरीला बांधलेलं असतं, मागे रांग असते, आणि आपण सही ठोकतो. 'काहीही झाल्यास कंपनी जबाबदार नाही.' मग सगळं संपलं का? ब्रिटनमध्ये 1977 पासून कायदा असा आहे, की स्वतःच्या निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूची किंवा इजेची जबाबदारी धंदेवाल्याला अशा अटीनं झटकता येत नाही. अमेरिकेत एका बंदरातून दुसऱ्या बंदरात प्रवासी नेणाऱ्या जहाजांना अशी अट घालायला मनाई आहे. पण त्याच धक्क्यावरून निघून त्याच धक्क्यावर परत येणाऱ्या सहलींबाबत तिथल्या कोर्टांचं एकमत नाही. तेव्हा सही केली म्हणून घरी बसू नका, आणि सहीला काही अर्थच नसतो असंही समजू नका. अपघातानंतर पुढे येणाऱ्या कागदाची मला जास्त भीती वाटते: तिकिटाचे पैसे परत, वर थोडी रक्कम, आणि बारीक अक्षरात 'आता कोणतीही मागणी उरली नाही'. तिथे सहीची घाई करू नका.

कधीकधी दोष इतका जुना असतो, की त्या दिवशी हजर असलेल्या कुणालाच तो दिसत नाही. 2 ऑक्टोबर 2005 ला न्यूयॉर्क राज्यातल्या लेक जॉर्जवर 'इथन ॲलन' नावाची पर्यटक बोट उलटली. 47 प्रवासी होते, बहुतेक वयस्कर. त्यांतले 20 गेले. परवाना 48 प्रवाशांचा होता, म्हणजे कागदावर बोट भरलेलीही नव्हती. पण तो आकडा काढताना एका माणसाचं वजन 140 पौंड, म्हणजे साधारण साडेत्रेसष्ट किलो धरलं होतं, आणि नंतर बोटीवर जड लाकडी छत बसवलं तेव्हा तोल पुन्हा तपासलाच नव्हता. तपासात निघालं, की त्या बोटीत 14 माणसंच सुरक्षित होती. भरपाईची वेळ आली तेव्हा मालकानं घेतलेली विम्याची पॉलिसीही निरुपयोगी निघाली. निकाल तुमच्या बाजूनं लागला आणि पैसे द्यायला कुणी नसलं, तर त्या निकालाचं काय करायचं?

विमा असला तरी एक जुनी पळवाट उरते. 1851 च्या अमेरिकन कायद्यानं जहाजमालकाला मुभा दिली, की अपघाताला कारण ठरलेल्या चुकीची आपल्याला माहिती किंवा त्यात आपला हात नव्हता असं ठरलं तर त्यानं जबाबदारी फेरीनंतर उरलेल्या जहाजाच्या किमतीपुरती मर्यादित करून मागावी. तो काळ व्यापारी जहाजांचा होता. जहाज क्षितिजापलीकडे गेलं की मालकाला पत्ता नसे. हीच तरतूद 2019 मध्ये 'कन्सेप्शन' नावाच्या डायव्हिंगच्या बोटीसाठी पुढे आली. कॅलिफोर्नियाजवळ सांताक्रूझ बेटापाशी ती पहाटे पेटली. खाली झोपलेली 34 माणसं मेली. रात्री गस्त ठेवणं परवान्यातच होतं, गस्त नव्हती. थोड्याच दिवसांत मालक कोर्टात गेले: जळून बुडालेल्या बोटीची किंमत शून्य, म्हणून आमची जबाबदारीही शून्य. मी हा अर्ज वाचला तेव्हा, कायद्याची सवय असूनही, कागद खाली ठेवून थोडा वेळ बसून राहिलो. 2022 च्या अखेरीस अमेरिकेनं लहान प्रवासी बोटींना या सवलतीतून वगळलं.

आता शेवटी मित्राच्या बोटीचं, कारण ते हमखास विचारलं जातं. तिकीट नाही, पैसे नाहीत, नुसतं आमंत्रण. मग काळजी कमी घेतली तर चालते का? 1948 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला लागलेल्या एका जहाजावर एक माणूस खलाशी मित्राला भेटायला गेला. परत निघताना जिन्यावर घसरला, कारण पायऱ्यांवर ठोकलेली कॅनव्हासची पट्टी नीट बसवलेली नव्हती. खालच्या कोर्टात वाद रंगला, की हा पाहुणा कोणत्या प्रकारचा: बोलावलेला, की नुसती परवानगी असलेला? 1959 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकार बाजूला सारले. जहाजावर जो रीतसर आला आहे, त्या प्रत्येकाची वाजवी काळजी घेणं मालकावर बंधनकारक आहे, असं सांगून त्यांनी ज्यूरीचा, म्हणजे खटला ऐकणाऱ्या सामान्य नागरिकांच्या पंचांचा, त्याला भरपाई देणारा आणि खालच्या कोर्टानं रद्द केलेला निवाडा परत कायम केला. त्या निवाड्यात भरपाईची रक्कम आधीच थोडी कापलेली होती. ज्यूरीचं म्हणणं होतं, उतरताना त्यानंही पायाखाली बघायला हवं होतं.